धामणीचं बिऱ्हाड

मार्गशीर्षाचं ऊन. कोवळं, केशरी, कापलेल्या खाचरांवर आडवं पसरलेलं. भात झोडून झालं होतं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या होत्या, आणि सह्याद्रीच्या नीलजांभळ्या पायथ्याशी पांगारखोल गाव हातपाय ताणून निवांत बसलं होतं. वर नितळ, निरभ्र, निळंशार आकाश. खाली तृप्त, तपकिरी, तापलेली भुई. मधल्या वाऱ्याला नव्या भाताचा वास होता.

हा वास माणसांच्या आधी उंदरांना लागतो. कणग्या भरल्या की भिंतींतून खुडबुड सुरू, आणि खुडबुड सुरू झाली की बियाण्याची धडगत नाही. मांजराचं नाव काढू नका. पांगारखोलचं मांजर दुधावर पोसलेलं, ते उंदराकडे पाहून जांभई देतं. म्हणून या गावात एक जुनी रीत होती. धान्याच्या कोठीत उंदीर खाणारी, बिनविषारी धामण नांदवायची.

नांदवायची, बरं का. कोंडायची नव्हे, बांधायची तर मुळीच नव्हे. भिंतीतलं बीळ उघडं ठेवायचं, जायची वाट मोकळी ठेवायची, आणि तरीही तिनं राहावं असं तिचं मन वळवायचं. हे नाजूक काम गावानं कुणाला द्यावं? वर्षात नव्यानं आलेल्या सुनेला. नवरा बांधावरून धामण धरून आणतो, सून तिला घर शिकवते. जिला स्वतःला अजून फडताळातलं मीठ कुठं अन् गूळ कुठं हे सापडत नाही, तिनं दुसरीला घर शिकवायचं. वा रे गाव, आणि वा रे त्याचा न्याय!

धामणीनं कोठीत कात टाकली, तर तिनं घर मानलं. मग सासू सुनेची ओटी भरते, तिचा हात धरून बियाण्याच्या कणगीत घालते, आणि त्या दिवसापासून सून घरची. कात न टाकताच धामण निघून गेली, तर सुनेचा पायगुण वाईट. मग तिनं जन्मभर बियाण्याला हात लावायचा नाही. घरात राहायचं, राबायचं, भाकऱ्या थापायच्या; पण घरचं व्हायचं नाही.

त्या वर्षी नवी सून होती दुर्पदा.

सावळी, शांत, सडपातळ दुर्पदा. ती पाळण्यात असतानाच आई गेलेली, बाप कुठं परागंदा झालेला. मामाच्या घरी वाढली, मामीच्या नजरेखाली वाढली, ताटात पडेल ते खाऊन वाढली. अंथरूण दुसऱ्याचं, आरसा दुसऱ्याचा, अंगावरचं परकरपोलकंही मामेबहिणीचं उतरलेलं. तिला सोनं नको होतं, नाणं नको होतं. कुणीतरी हात धरून 'हे तुझं' म्हणावं, एवढीच तिची भूक होती. ती भूक तिनं कुणाला सांगितली नव्हती. फक्त नवऱ्याला सांगितली होती.

नवरा केरबा. उंच, उमदा, हसरा, डावखुरा. "हात्तिच्या, एवढंच ना?" तो म्हणाला होता. "मी आणतो की तुझ्यासाठी धामण. अशी आणतो की साऱ्या गावानं बघत राहावं."

आणि आणली. सकाळच्या सोनसळी उन्हात, ओल्या फडक्यानं झाकलेली करंडी डोक्यावर घेऊन केरबा अंगणात उभा राहिला. दुर्पदेनं उंबऱ्यावर पाणी ओतलं. मग रीतीप्रमाणे घरातल्या प्रत्येकानं करंडीवर हात ठेवून शब्द दिला. सासूनं दिला, नणंद अनशीनं दिला, शेवटी केरबानं दिला. "तुझ्या वाटंत काठी येणार न्हाई. तुझ्या वाटंत दोरी येणार न्हाई." बोलताना तो करंडीकडे पाहत नव्हता, दुर्पदेकडे पाहत होता, आणि दुर्पदा पायाच्या अंगठ्यापर्यंत लाजली.

काय त्या धामणीचं रूप वर्णावं! पिवळसर, पिंगट, पिकल्या भाताच्या रंगाची काया. ओठांवर काजळाच्या बारीक उभ्या रेघा. डोळे मोठे, वाटोळे, सोनकडेचे. करंडीचं झाकण उघडताच ती उसळली, वळली, भिंतीला धडकली, आणि कणगीमागच्या काळोखात सळसळत दिसेनाशी झाली. दुर्पदा दाराशी बसून राहिली. तिची छाती धडधडत होती, आणि कणगीमागे त्या दुसरीचीही धडधडत असणार, हे तिला न पाहता कळत होतं.

धामण नवी, दुर्पदा नवी. दोघींचं बिऱ्हाड एकाच घरात, दोघींना घर परकं.

मग दुर्पदेनं घर हळू केलं. उखळात मुसळ घालणं बंद, कारण भुईला हादरा बसतो. मिरचीची फोडणी बंद, कारण ठसका कोठीत जातो. पायांतली जोडवीसुद्धा तिनं कापसाच्या धाग्यानं गुंडाळली. मातीच्या परळात गार पाणी भरून ठेवलं, कोपऱ्यात ओलसर गोणपाट अंथरलं, बिळाच्या तोंडावरची कोळिष्टकं काढली. दुपारी सगळी कामं आटोपली की ती कोठीच्या दाराशी पाट टाकून बसे. काही न करता, काही न मागता, नुसती बसे.

"मुखदुर्बळ सुनेला बोलायला साप मिळाला," अनशी फिदीफिदी हसायची.

खरंच मिळाला होता. दुर्पदा बोलायची. पुटपुटत, कुजबुजत, अंगाईच्या लयीत बोलायची. "भिऊ नगं बाई. मलाबी पयल्या दिवशी पाणी गिळवत नव्हतं. हितली माणसं मोठ्यानं बोलत्यात, पर वाईट न्हाईत. ह्ये माझे मालक तर लई गुणाचे." साप ऐकतो का, असं विचारणाऱ्यांना विचारू दे. पांगारखोलमध्ये असं मानतात की साप भुईवर बसलेल्या माणसाचं मन ओळखतो.

आधी दिसला नुसता डोळा. कणगीच्या कडेला, काळोखात, एक सोनेरी थेंब. मग एका दुपारी परळातलं पाणी हललं. मग एका सकाळी भिंतीतली खुडबुड एकाएकी थांबली, आणि सासूनं स्वयंपाकघरातून आनंदानं हाळी दिली, "घेतला गं बाय, तिनं पयला घास घेतला!" त्यानंतर धामण उन्हाच्या तिरिपेत येऊन पडू लागली. लांबच लांब, लखलखीत, लाटांची. दुर्पदा पाय न हलवता बसायची. आणि एकदा, अगदी एकदाच, ती थंडगार, मऊ, जिवंत लाट दुर्पदेच्या पावलावरून सरपटत गेली. दुर्पदेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. आपण भ्यायलो म्हणून नव्हे. आपल्याला कुणीतरी भ्यायलं नाही म्हणून.

मग धामणीचे निवळशंख सोनेरी डोळे निळसर, दुधाळ झाले. अंगाची लकाकी मालवली. कात जवळ आली की धामणीला धड दिसत नाही. ती कोपरा धरते, हलत नाही, कुणी हात घातला तरी निसटायची ताकद नसते.

ते पाहून सासूच्या हातून लोटकं पडता पडता राहिलं. "दुधाळलं गं डोळं! आता आज न्हाई तर उद्या." खडूस म्हणून नावाजलेली ती बाई, पण त्या दिवशी तिनं ट्रंकेतून नवा खण काढला, नारळ सोलून ठेवला, आणि दुर्पदेच्या पाठीवरून हात फिरवला. सासरी आल्यापासून त्या हाताचा तो पहिला स्पर्श होता.

त्याच संध्याकाळी अनशीच्या स्थळाचा निरोप आला. तालुक्याच्या गावचं स्थळ, पक्क्या घराचं, मुलगा एसटीत मेकॅनिक. याआधी अनशीचं दोनदा जमता जमता मोडलेलं. मंडळी दुसऱ्या दिवशी बघायला येणार होती. निरोप्यानं आणखी एक गोष्ट केरबाला अंगणात बाजूला घेऊन सांगितली. मुलाची आई सापाला भारी भिते; सापाच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, म्हणते. अनशीचं वय वाढत चाललं होतं. केरबा जेवताना गप्प होता. दुर्पदेनं दोनदा विचारलं, तो दोनदा "काय न्हाई" म्हणाला.

उजाडलं. फिकट, फटफटीत, धुकट उजाडलं. दुर्पदेनं कोठीचं दार लोटलं.

परळातलं पाणी तसंच. गोणपाट तसंच. कणगीमागं काळोख, आणि काळोखात कुणी नाही.

तिनं आढं पाहिलं, फटी पाहिल्या, बीळ पाहिलं. हात घालून पाहिला, दंडापर्यंत घालून पाहिला. "बाई," ती हाका मारत राहिली, "बाई, अगं बाई." सासू दारात येऊन उभी राहिली. तिनं कोठीभर नजर फिरवली, मग सुनेच्या पायांकडे पाहिलं, आणि नवा खण उचलून पुन्हा ट्रंकेत टाकला. ट्रंकेचं झाकण पडल्याचा आवाज घरभर झाला.

"डोळं दुधाळल्यावर बिऱ्हाड सोडून कुनाची धामण ग्येली न्हाई आजपातुर," ती म्हणाली. "आंधळ्या जीवालाबी नको झालं ह्या पायाखाली."

केरबा ओसरीवर बसून तंबाखू मळत होता. त्यानं मान वर केली नाही.

पाहुणे आले. चहा झाला, पोहे झाले. मुलाच्या आईनं डोळे बारीक करून विचारलं, "साप पाळता म्हणं तुम्ही?" केरबा हसून म्हणाला, "छ्या! साप-बीप काय न्हाई घरात. बघा पायजे तर कोठी उघडून." बाईनं खरंच कोठी पाहिली, आणि समाधानानं पदर सावरून बसली. अनशीचं जमलं. साखर वाटली. दुर्पदा कपबशा विसळत होती. तिच्या तळहातावर साखर ठेवायची कुणाला आठवण झाली नाही.

आणि मग बोलणं सुरू झालं. विहिरीवर, बांधावर, पाणवठ्याच्या पायऱ्यांवर. पांढऱ्या पायाची. आईला खाल्लेली. धामणसुद्धा थारा घेईना. सासू जेवायला वाढताना बोले, निजायला अंथरताना बोले. केरबा भाकरीचा तुकडा मोडत राही, कालवणात बुडवत राही, गिळत राही. अहो, एक शब्द! एवढा गडी, एवढी जीभ, एक शब्द निघाला नाही.

पण ऐका दुर्पदेचं वेडेपण. तिला वाटलं, त्याला दुःख झालंय. आपल्यासाठी उन्हातान्हात बांध धुंडाळून आणलेली, आपल्याला 'हे तुझं' म्हणायला आणलेली धामण, आणि आपल्याकडून नांदली नाही. तिनं स्वतःचे अपराध वेचून काढले. एकदा पाटा-वरवंटा जोरात आदळला होता. एकदा परळ विसळायला उशीर झाला होता. एकदा आपण उगाच रडलो होतो तिच्यापुढं. केरबा हल्ली रोज संध्याकाळी पाण्याचा तांब्या घेऊन शेतातल्या खोपीकडे जायचा, आणि शेतात तर आता काही काम नव्हतं. एकटाच बसून झुरत असेल बिचारा, असं तिच्या मनानं घेतलं. म्हणून एका संध्याकाळी ती त्याच्या आधीच तिकडे निघाली. पदरात भाकरी, भाकरीवर तिळाची चटणी. काय बोलायचं तेही तिनं वाटेत ठरवून ठेवलं होतं. मनाला लावून घेऊ नका, मी आहे ना सोसायला.

अस्ताचलावर आरक्त, अलवार उजेड रेंगाळत होता. खाचरांतली धसकटं तांबूस झाली होती. खोपीत वाळल्या पेंढ्याचा उबदार अंधार होता, आणि त्या अंधारात काहीतरी खरखरलं.

पेंढा बाजूला केला, तर करंडी. झाकणावरून उभी-आडवी सुंभाची दोरी, आणि दोरीला गाठ. गाठीचं टोक उलट्या अंगानं निघालेलं. पांगारखोलमध्ये अशी गाठ एकच माणूस मारतो. डाव्या हातानं मारतो. दुर्पदेनं ती गाठ पेंढ्यांच्या भाऱ्यांवर पाहिली होती, बैलांच्या दाव्यांवर पाहिली होती. ती गाठीवर बोटं ठेवून बसली. काल सासू बोलली तेव्हा त्याला ठाऊक होतं. परवा विहिरीवरून ती रडत आली तेव्हा त्याला ठाऊक होतं. रात्री त्याच्या कुशीत शिरून 'माझंच चुकलं' म्हणाली, तेव्हाही त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं तिला थोपटलं होतं.

बाहेर पावलं वाजली. केरबा दाराशी आला. हातात तांब्या.

"अवो," दुर्पदा म्हणाली. "ही गाठ तुमची."

तो थबकला. मग खोपीत शिरला, तांब्या खाली ठेवला. "रोज पाणी देतो गं तिला. उपाशी न्हाई ठेवली. परवा उंदीरबी टाकला."

"तुमी शबूद दिला व्हता."

"दिला व्हता. पर अनशीचं मोडलं असतं. बहीण हाय माझी. तिसऱ्यांदा मोडलं असतं तर कोन घेणार व्हतं तिला? लगीन हू दे, मग आणून सोडतो म्हनलं."

"मला सांगायचं हुतं."

"तू दिली असतीस?"

"मागितली असती तर दिली असती." ती हळूच म्हणाली, आणि ते खरं होतं. "मीच उचलून बांधावर नेऊन सोडली असती वन्संसाठी. पर मग आत्याबाईंना खरं सांगितलं असतं ना तुमी? त्या मला काय काय बोलत्यात, ऐकताय ना?"

"आता आईच्या पोटात काय ऱ्हातंय? तिला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. आनि बोलंना का! बोलण्यानं अंगाला भोकं पडत्यात व्हय?" केरबा हसला. त्याच उमद्या, मोकळ्या हसण्यानं हसला. "धामण पळून ग्येली असती, म्हणून तिला बांधावं लागलं. तू कुटं जानार हायस?"

कावा नव्हता त्यात. डंख नव्हता. रोजच्यासारखं, सहज, पाणी मागावं इतकं सहज बोलला तो. म्हणून तर ते खोल गेलं. दुर्पदेचं त्याच्यावर जे जे काही होतं, ते सगळं त्या एका वाक्यापाशी येऊन संपलं.

ती गाठ सोडू लागली. "अगं, काय करतीस?" तो म्हणाला. उलटी गाठ, तिला सुटेना. तिनं दातांनी सोडवली. झाकण काढलं.

आत ती होती. नवी. झळाळती, झगमगती, पिवळ्याधमक पाठीची, पुन्हा सोनं झालेल्या डोळ्यांची. आणि तिच्याखाली, काठाला घासून घासून सोललेली, चुरगळलेली, फाटलेली तिची कात. घर मानून टाकलेली नव्हे. दोरीखाली, अंधारात, जागा मिळेल तशी काढलेली. तिनं मान उचलली. जीभ लवलवली. दुर्पदा तिच्या अगदी समोर होती, पण ती दुर्पदेकडे वळली नाही. करंडीच्या काठावरून उतरली, उंबऱ्यावरून उतरली, आणि धसकटांच्या तांबूस रानात लांबच लांब, लाटेलाटेनं दूर जात राहिली. जाताना तिनं इतकी घाई केली, की दुर्पदेला तेही लागलं.

"ग्येली!" केरबा कपाळावर हात मारून म्हणाला. मग त्यानं करंडीत डोकावलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "अगं, अगं, कात बघ! अखंड हाय जवळजवळ. चल, ब्येस झालं. ही न्यायची, गुपचूप कणगीमागं ठेवायची. सकाळी तूच आईला दाव. म्हनायचं, धामण कात टाकून मगच ग्येली. आई तुजी ओटी भरंल, तुजा हात कणगीत घालंल, सारं गाव गप. कसं? सुंठीवाचून खोकला ग्येला."

दुर्पदा त्याच्याकडे पाहत राहिली. जन्मभर मनात जे मागितलं, ते हा आता देत होता. करंडीत घालून, झाकण लावून, खोटं करून देत होता. आणि त्याला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

"मला नगं," ती म्हणाली.

"येडी का काय! चल, अंधार पडाय लागला."

करंडी काखेत मारून तो पुढे निघाला. बायको मागून येणार, यात त्याला शंका नव्हती. शंका घ्यावी असं त्याच्या मनातही आलं नाही. हलक्या पावलानं, हलक्या मनानं तो बोलत चालला. आईला काय सांगायचं ते बोलला. अनशीच्या लग्नात दुर्पदेला कुठलं लुगडं घ्यायचं ते बोलला. पुढच्या साली याहून मोठी धामण आणतो, तेही बोलला. पश्चिमेची लाली जांभळी झाली, जांभळ्याची राख झाली, आणि त्या राखाडी उजेडात बांधावरून तो एकटाच बोलत चालला होता.

पुढे ओढा आला. ओढ्यात शेवाळलेले दगड, आणि दगडांवरून गार पाणी. केरबा पलीकडे गेला, दगडावर पाय रोवला, आणि मागे न पाहताच त्यानं डावा हात मागे केला, तिला धरून उतरवून घ्यायला. हात तसाच राहिला. "घे की," तो म्हणाला. पाणी वाहत होतं. त्यानं वळून पाहिलं.

वाटेवर कुणी नव्हतं. दूर, खोपीपाशी, सोडून आला होता तिथंच ती उभी होती, गावाकडे पाठ करून.

त्यानं हाक मारली. तिनं ऐकली. त्यानं पुन्हा मारली. तिनं पुन्हा ऐकली, आणि वळली नाही.